डिझेल ट्रकचं कूलंट हळूहळू कमी होतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापमानाचा काटा जागचा हलत नाही, जमिनीवर डाग नाही, ओढही पहिल्यासारखीच आहे. तरी आठवड्याला लिटरभर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ग्लायकॉल मिसळलेलं पाणी, घालावंच लागतं. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि सगळ्यात जास्त चुकीचे निकाल लागणारी तक्रार हीच. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून त्याखालचं गॅस्केट (सील) बदललं, पैसे गेले, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि पाणी पुन्हा कमी व्हायला लागलं, अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्या पाहून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचा दोष पाना हातात घेण्याआधीच सापडला असता. म्हणून खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावले आहेत, ज्या क्रमाने मी गाडी तपासतो: आधी मोजणं, मग बाहेर बघणं, मग दाब देऊन बघणं आणि शेवटी इंजिनाच्या आत.

थोडं कूलंट कमी होणं साहजिक नाही का?

नाही. कूलिंगची यंत्रणा बंद असते. त्यातून काही गेलं, तर ते कुठून तरी गेलंच आहे. मात्र पातळी खाली दिसणं आणि कूलंट खरोखर कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गार इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत कूलंट चार ते पाच टक्क्यांनी फुगतं. यंत्रणेत ४० लिटर असेल, तर हा फरक दीड ते दोन लिटरचा झाला. संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी आणि सकाळी गार गाडीत पाहिलेली पातळी यांची तुलना केली, तर रोजच 'पाणी कमी' दिसेल.

दुसरी चूक काळजीपोटी होते. टाकी गळ्यापर्यंत भरली जाते. गरम झाल्यावर फुगलेल्या कूलंटला जागा उरत नाही, टाकीची कॅप ते बाहेर टाकते आणि पातळी आपल्या ठिकाणी येऊन थांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गळ्यापर्यंत भरलं जातं, पुन्हा तेवढंच बाहेर. अशा गाडीत बिघाड काहीच नसतो. म्हणून आधी गार इंजिनावर वरच्या खुणेच्या थोडं खालीच भरा आणि पातळी कुठे स्थिरावते ते चार दिवस बघा. तिथेच टिकली, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

नेमकं किती कमी होतंय, ते कसं मोजायचं?

टाकीवर चिकटपट्टी लावून रेघ मारा. गाडी रोज त्याच सपाट जागी उभी करा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पातळी बघा आणि रेघेपर्यंत भरायला किती लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा. वहीत तारीख, किलोमीटर, घातलेले मिलिलिटर, गाडी भरलेली होती की रिकामी, घाट लागला का, हीटर चालू होता का आणि रात्रभर उभी होती की दोन दिवस, एवढं लिहा. दहा दिवसांची वही तासभराच्या अंदाजांपेक्षा जास्त सांगते.

गाडी नुसती उभी असताना पातळी उतरली, तर बाहेरची गार गळती किंवा लायनरखालच्या (पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्या खालच्या) रबरी रिंगा यांच्याकडे बघायचं. फक्त भरलेल्या गाडीत, चढावर उतरली, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय का ते बघायचं. हीटर चालू असलेल्या दिवसांतच उतरली, तर केबिन. किलोमीटर कितीही झाले तरी रोज तेवढीच उतरली, तर गार होण्याच्या वेळी काहीतरी सुटतंय.

एक हिशेब डोक्यात ठेवा. १,००० किलोमीटरला १ लिटर म्हणजे किलोमीटरला १ मिलिलिटर. ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला १ मिलिलिटर, म्हणजे साधारण २० थेंब होतात. आपण शोधतोय ते एवढंच, आणि तेही वाऱ्यात, पंख्यासमोर, तापलेल्या लोखंडावर पडणारं.

जमिनीवर थेंब नाही. म्हणजे इंजिन आत पाणी पितंय ना?

हा निष्कर्ष फार घाईचा आहे. मिनिटाला २० थेंब चालत्या गाडीत जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. पंखा ते उडवतो, एक्झॉस्टची उष्णता वाळवते आणि उरलेलं धुळीत मुरतं. पण कूलंट साध्या पाण्यासारखं निशाण न ठेवता जात नाही. पाणी उडून जातं, ग्लायकॉल आणि त्यातली रसायनं मागे राहतात. त्यांचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर बसतो, कुठे चिकट ओघळ, कुठे मिठासारखी खरड. हीच खरड शोधायची आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती: तपासायला आणताना इंजिन धुऊन आणू नका. आठवडाभराचा पुरावा दहा मिनिटांत नाल्यात जातो. आधी मळक्या इंजिनावर टॉर्च मारून बघायचं, मग धुवायचं आणि मग नवा ओघळ कुठे येतो ते बघायचं.

बाहेर बघायचं तर कुठेकुठे?

होज पाइपची टोकं सगळेच बघतात. तिथून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. पाइप हाताने दाबून वाकवा. वरून ठीक दिसणारा पाइप क्लिपच्या कडेला आतून चिरलेला असतो. रेडिएटरचं जाळं आणि बाजूच्या टाक्या जिथे जोडल्या जातात तो सांधा, विशेषतः प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर, कडेने पूर्ण फिरून बघा. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) असतो आणि त्या दोघांमधल्या फटीत बघायला कुणी वाकत नाही.

वॉटर पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील थकलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे नुसती ओल असेल तर नजर ठेवा. लांब ओघळ, खरड किंवा चालू गाडीत थेंब दिसत असेल, तर पंपाचे दिवस भरले. ते भोक बुजवून गळती थांबवल्याचं मी पाहिलं आहे. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप अडकतो आणि पट्टा तुटतो.

इंजिन ब्लॉकच्या भोकांत ठोकून बसवलेल्या पातळ पत्र्याच्या टोप्या आतून गंजत येतात. स्टार्टरच्या मागची आणि गिअरबॉक्सच्या बाजूची टोपी आरशाशिवाय दिसत नाही. टर्बोच्या पाण्याच्या नळ्या, एअर कॉम्प्रेसरच्या नळ्या, गिअरबॉक्सला पाण्याने गार होणारा रिटार्डर (उतारावर वेग रोखणारा जादा ब्रेक) असेल तर त्याचा उष्णता-बदलक, आणि धूर शुद्ध करायला युरियाचं द्रावण वापरणाऱ्या गाडीत त्या टाकीकडे आणि फवारणीच्या नोझलकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या: या सगळ्या चेसिसवर लांबवर पसरलेल्या असतात. इंजिनाखाली काही सापडलं नाही की लोक थांबतात. गळती मात्र इंजिनापासून दोन मीटर मागे असते.

केबिनचा हीटर विसरू नका. काच आतून तेलकट धुरकटते, गोडसर वास येतो, पायाखालचं मॅटिंग ओलं लागतं.

फिकट डाग नजरेला दिसत नसतील, तर कूलंटला चालणारा फ्लुरोसंट रंग टाका, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. स्वस्त उपाय आहे आणि डोळ्यांपेक्षा प्रामाणिक.

सकाळी थेंब दिसतात, गाडी गरम झाली की बंद होतात. असं का?

ही गार गळती. धातू आणि रबर थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे क्लिपची पकड सैल पडते. गरम झालं की दोन्ही फुगतात आणि फट बंद. अशी गळती गरम गाडीत कधीच सापडणार नाही, म्हणून गाडी आदल्या रात्रीपासून उभी ठेवा.

क्लिप आवळत सुटणं हा उपाय नाही. जास्त आवळलेली क्लिप रबर कापते. स्प्रिंग असलेली, ताण आपोआप सांभाळणारी क्लिप लावा आणि पाइप कडक झाला असेल तर पाइपही बदला. ज्या धातूच्या नळीवर तो बसतो, तिच्यावरचा गंज घासून काढल्याशिवाय नवा पाइपसुद्धा ठिबकेल.

कॅपमुळे एवढं पाणी जाऊ शकतं?

जाऊ शकतं, आणि हा यादीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. कॅपचं काम यंत्रणेत दाब धरून ठेवण्याचं. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं: साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण वर १ बारचा जादा दाब असेल तर १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपची स्प्रिंग थकली किंवा रबर चिरलं की हा दाब टिकत नाही. घाटात हेडच्या सगळ्यात तापलेल्या भागाभोवती वाफ तयार होते आणि गुपचूप बाहेर जाते. काटा तेव्हाही ठीकच दाखवतो.

कॅपमध्ये उलट दिशेने उघडणारी दुसरी लहान झडप असते. गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा ती हवा किंवा राखीव टाकीतलं कूलंट परत आत घेते. सकाळी वरचा होज पाइप चपटलेला दिसला, तर ही झडप अडकली आहे. कॅप पुढच्या प्रश्नातल्या प्रेशर टेस्टच्या हातपंपावर लावून तपासता येते. बदलताना तिच्यावर लिहिलेला आकडाच घ्या. जास्त दाबाची कॅप लावून गळती थांबत नाही, कमकुवत सांधा मात्र फुटतो.

आणि गरम इंजिनावर कॅप उघडू नका. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट उसळतं. इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

प्रेशर टेस्ट नीट कशी करायची?

कॅपच्या जागी हातपंप बसवा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. पहिली चाचणी रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनावर. अर्धा तास पंपाच्या काट्याकडे आणि इंजिनाकडे बघत राहा. काटा स्थिर राहिला, तर इंजिन पूर्ण गरम करा, कॅप उघडण्याइतकं निवू द्या आणि पुन्हा दाब द्या. काही भेगा धातू गरम झाल्यावरच उघडतात, काही सांधे गारच गळतात. एकच चाचणी करून 'प्रेशर धरतंय' म्हणणं अर्धवट.

गरम इंजिनावर एक फसगत होते. इंजिन निवत जातं तसा दाब आपोआप उतरतो, गळती नसली तरी. म्हणून गरम चाचणीत काट्यापेक्षा ओल शोधा.

बाहेर काहीच दिसत नाही आणि दाब मात्र उतरतोय, असं असेल तर दाब दिलेलं इंजिन रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाब सोडा, ऑइल चेंबरच्या (इंजिनाखाली तेल साठतं त्या भांड्याच्या) खालचा बोल्ट हलकेच सैल करा. कूलंट तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे तेलाआधी पाणी आलं तर उत्तर मिळालं. चेंबर उतरवून वर पाहिलं तर कुठल्या लायनरच्या खालून थेंब येतोय तेही दिसतं.

यानंतर स्टार्टर थेट मारू नका. रात्रभरात एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर न लावता सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर काढा. इंजेक्टरच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला, तर पाणी शिरणारा सिलिंडर बहुधा ओळखू येतो: बाकीच्यांचे पिस्टन काजळीने काळे आणि एकाचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ.

पांढरा धूर येत नाही, म्हणजे आत जळत नाही ना?

लिटरभर डिझेल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनपासून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन सायलेंसरमधून जातं. तासाला १५ लिटर डिझेल जाळणारं इंजिन तासाला सुमारे १५ लिटर पाणी असंच बाहेर टाकतं. त्यात तुमचे तासाचे ६० मिलिलिटर कूलंट मिसळले, तर कोणाच्या डोळ्याला दिसणार?

पांढरा धूर दिसतो तो गळती मोठी झाल्यावर, किंवा रात्रभर साचलेलं कूलंट सकाळी एकदम जळतं तेव्हा. म्हणून बघायचंच असेल तर पहिली दोन मिनिटं बघा आणि वास गोडसर आहे का ते लांबूनच घ्या. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ प्रत्येक निरोगी इंजिनातून येते. ती विरून जाते, गोड वास असलेला धूर लोंबकळत राहतो.

टाकीत बुडबुडे येतात. हेड गॅस्केटच गेलं ना?

हा प्रश्न सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बुडबुडे म्हणजे कूलंटमध्ये वायू शिरतोय, इतकंच. तो कुठून, याची किमान चार उत्तरं आहेत: हेड गॅस्केट, हेडमधली भेग, इंजेक्टरची स्लीव्ह (तो ज्यात बसतो ती नळी) आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. यातला कॉम्प्रेसर शेवटी आठवतो आणि तपासायला सगळ्यात सोपा असतो.

ट्रकच्या कॉम्प्रेसरचं हेड बहुधा इंजिनाच्याच कूलंटने गार होतं. त्याचं छोटं गॅस्केट गेलं, तर ब्रेकसाठी दाबलेली हवा कूलंटमध्ये घुसते. टाकीत बुडबुडे, पाइप टणक, कॅपमधून कूलंट बाहेर: सगळी लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची. माझ्याकडे एक गाडी आली होती, दोनदा हेड उतरवून झालेलं. दोन्ही वेळा गॅस्केट नवं, हेड तासलेलं. मालक गाडी विकायच्या विचारात होता. एअर टाकीचा खालचा कॉक उघडला तर रंगीत, गोड वासाचं पाणी आलं. कॉम्प्रेसरचं हेड बदललं आणि गाडी बरी झाली. त्या दिवसापासून बुडबुड्यांच्या तक्रारीत मी पहिल्यांदा एअर टाकीच रिकामी करतो.

दुसरी खूण अशी. हवा भरून कॉम्प्रेसरने भरणं थांबवलं की बुडबुडे थांबतात का बघा. मग ब्रेक दाबून दाबून हवा कमी करा. कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला आणि बुडबुडेही परत आले, तर संशय पक्का. खात्री हवी असेल, तर कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवा, इंजिनाकडची तोंडं बंद करा, कॉम्प्रेसरचं एक तोंड बंद करून दुसऱ्याला नळी लावा आणि तिचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. एक-दोन मिनिटं इंजिन चालवा, जास्त नको, कारण कॉम्प्रेसरला आता गारवा नाही. बादलीत बुडबुडे आले तर कॉम्प्रेसर, टाकीतच येत राहिले तर इंजिन.

इंजिनाचा संशय उरला, तर ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारा निळा द्रव वापरा. टाकीतली हवा त्यातून ओढली की वायू असल्यास रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेल इंजिन आयडलिंगला भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि बारीक गळती सुटते. म्हणून चाचणी इंजिनावर भार देऊन, गरम असताना करा. रंग बदलला तर दोष आहे. नाही बदलला, तर इंजिन निर्दोष सुटलं असं मात्र नाही. टेस्टरमध्ये कूलंट ओढलं जाऊ देऊ नका, द्रव वाया जातो.

एक घरगुती खूण: रात्रभर गार झालेली गाडी सुरू करा आणि वरचा होज पाइप दाबत राहा. कूलंट तापायच्या आत, एक-दोन मिनिटांत तो टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, वायूचा आहे.

इंजेक्टरच्या स्लीव्हचं काय?

काही इंजिनांत इंजेक्टर धातूच्या पातळ नळीत बसतो आणि त्या नळीबाहेर कूलंट फिरतं. तिची बैठक सैल झाली की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये जातो, म्हणजे पुन्हा गॅस्केटचाच भास. हेडमधून डिझेलची वाट जाणाऱ्या इंजिनांत कूलंटच्या टाकीत डिझेलचा वास किंवा तवंगही येतो. हा तवंग दिसला, तर गॅस्केटवर पैसे घालण्याआधी स्लीव्ह तपासून घ्या. ती हेड न उतरवता बदलता येते, योग्य अवजारं असली तर.

इंजिन ऑइलमध्ये कूलंट गेलंय, हे कसं कळेल?

चहासारखं दुधाळ ऑइल झालं तर कळतंच, पण तेव्हा उशीर झालेला असतो. हळू गळतीत ऑइल दुधाळ होतच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत ते इतकं गरम राहतं की पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल मागे उरून आंबतं, त्यातून आम्लं तयार होतात आणि ऑइल घट्ट, काळं, चिकट होतं. डिपस्टिकवर पातळी न घालता वाढणं ही एक खूण. उलट ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस हा पुरावा नव्हे. कमी अंतराच्या फेऱ्यांत तो नुसत्या दमटपणानेही येतो.

तापलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाकून तो तडतडतो का, ही जुनी चाचणी पाणी असेल तरच बोलते. ग्लायकॉलसाठी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि सोडियम व पोटॅशियमचे आकडे मागा. हे दोन्ही कूलंटच्या रसायनांतून येतात. एकाच नमुन्यापेक्षा लागोपाठच्या दोन-तीन नमुन्यांत दोन्ही सोबत चढताहेत का, ते महत्त्वाचं. ऑइलमध्ये ग्लायकॉल पक्कं झालं, तर गाडी तिथेच उभी करा. बेअरिंग जायला फार किलोमीटर लागत नाहीत.

उलट कूलंटच्या टाकीत ऑइल दिसतंय.

पहिला संशय ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल गार करणारा भाग. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, कूलंटचा मात्र बराच वेळ टिकतो, आणि मग वाट उलटी होते. म्हणून एकाच फुटक्या कूलरमुळे दोन्हीकडे भेसळ सापडू शकते. गिअरबॉक्सचं ऑइल कूलंटने गार होत असेल, तर तेलाचा रंग आणि वास कोणता ते आधी ओळखा.

ईजीआर कूलर कसा तपासायचा?

हा एक्झॉस्टचा काही भाग कूलंटने गार करून इंजिनात परत पाठवतो. एका बाजूला शेकडो अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ पत्रा. तो थकतो, चिरतो, आणि गळालेलं कूलंट इंजिनात जाऊन जळतं. बाहेर एक थेंब नाही. ज्या गाड्यांत ईजीआर आहे, तिथे हेडआधी हा बघायचा.

धुराच्या बाहेरच्या तोंडाचा पाइप सोडवा. कोरडी, भुसभुशीत काजळी असेल तर ठीक. ओलसर डांबरासारखा चिखल, पांढरी खरड किंवा धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला, तर कूलर काढून, तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब द्या. गरम पाण्यात दिला तर आणखी चांगलं, कारण भेग उष्णतेत उघडते. हा दोष लांबवला तर कूलंटमधली रसायनं धुराच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि तो कूलरपेक्षा महाग असतो.

लायनरला बाहेरून भोकं पडतात म्हणतात, ते काय?

जड डिझेल इंजिनांत लायनर थेट कूलंटमध्ये उभा असतो. प्रत्येक ज्वलनाला पिस्टन त्याच्या भिंतीवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत क्षणभर मागे सरकते तेव्हा कूलंटमध्ये वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि भिंत पुढे येताच फुटतात. प्रत्येक फुटणं म्हणजे लोखंडावर टाचणीएवढा घाव. लाखो घावांनंतर बारीक खड्डे पडतात, आणि एक दिवस त्यातला एखादा आरपार जातो. खड्डे बहुधा पिस्टन ज्या बाजूला आदळतो, त्याच बाजूला ओळीने दिसतात.

याला अडवतात ती कूलंटमधली रसायनं. ती लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि थर फुटला की पुन्हा धरतात. नायट्राइट असलेल्या कूलंटमध्ये त्याचं प्रमाण चाचणी-पट्टीने पाहता येतं. काही प्रकारच्या कूलंटमध्ये नायट्राइट नसतंच, त्यांची पट्टी वेगळी. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेला प्रकार कोणता ते वाचून मगच पट्टी घ्या.

तोवर साधं पाणी घालत राहिलो तर?

हिशेब करून बघा. ४० लिटरच्या यंत्रणेत निम्मं मूळ, पाणी न मिसळलेलं कूलंट आणि निम्मं पाणी आहे. आठवड्याला १ लिटर गळतं आणि जागी साधं पाणी पडतं. २० आठवड्यांनी मूळ कूलंटचं प्रमाण ५० वरून सुमारे ३० टक्क्यांवर येतं, आणि संरक्षक रसायनंही त्याच हिशेबाने. म्हणजे गळती बारीक असतानाच लायनर उघडा पडतो. वर नळाच्या पाण्यातले क्षार हेडच्या तापलेल्या भागात थर धरतात. तोच प्रकार, तेच प्रमाण, क्षाररहित पाण्यात मिसळून घाला आणि प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून मिश्रण किती घट्ट ते दाखवणाऱ्या साधनाने) तपासा. वेगळ्या रसायनाचं कूलंट फक्त रंग जुळला म्हणून ओतू नका, रंगाचा आणि रसायनाचा पक्का संबंध नसतो.

सांडलेलं लगेच पुसा, डबा झाकून ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलं पिऊ शकतात.

गळती बंद करणारं लिक्विड टाकलं तर?

ट्रकच्या इंजिनात मी टाकत नाही. ते भेग आणि बारीक नळी यांत भेद करत नाही. हीटर, ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतं, आणि पुढचा मिस्त्री खरी गळती शोधताना आंधळा होतो.

असं असताना गाडी चालवावी का, की लगेच थांबवावी?

कमी होण्याचा वेग वहीत स्थिर असेल आणि गळती बाहेरची असेल, तर राखीव कूलंट सोबत ठेवून कामाचा दिवस ठरवता येतो. पण ऑइलमध्ये कूलंट सापडलं, गार इंजिनावर पाइप लगेच टणक होतोय, कमी होणं आठवड्याभरात दुप्पट झालं, किंवा सकाळी स्टार्टर एका ठिकाणी ठणकन अडतोय, यातलं एकही असेल तर नाही. स्टार्टर अडला, तर पुन्हा मारून बघू नका.

काट्यावर विसंबू नका. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत लोंबतो आणि इंजिन जळत असतानाही काटा शांत राहू शकतो.

दुरुस्ती झाली, तरी दोन दिवसांनी पातळी उतरली. पुन्हा तेच?

बहुधा नाही. यंत्रणा रिकामी करून भरली की हेडच्या कोपऱ्यांत, हीटरमध्ये, रिटार्डरमध्ये हवा अडकते. ती सुटत जाते तशी पातळी उतरते. भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा, हवा काढायचे स्क्रू सोडा, सावकाश भरा. व्हॅक्यूमने भरायचं साधन असेल तर उत्तमच. दोन-तीन वेळा गरम-गार झाल्यावर पातळी जागेवर थांबायला हवी. वही तशीच चालू ठेवा आणि टाकीवरची चिकटपट्टी महिनाभर काढू नका.